बुधीचं उत्तर

सलोनीची आई त्या फायलीत कुठंतरी होती, हे फाईल उघडायच्या आधीपासून सलोनीला ठाऊक होतं. सकाळी सुजित तिच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "पालघरच्या संस्थेचं काम आलंय. वीटभट्ट्यांवर कामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलाखती आहेत, तब्येतीविषयी. भाषा तुमच्याकडची आहे, तेव्हा तूच घे." तिच्या हातातला पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत गेलाच नाही.

"कुठल्या पाड्यांच्या आहेत?"

"ते नाही दिलेलं. नावं, गावं सगळं काढून टाकलंय, नुसते नंबर ठेवलेत. का गं?"

"सहज," ती म्हणाली.

बोईसरला तारापूर रस्त्यावर एका टायरच्या दुकानाच्या माडीवर सुजितचं ऑफिस होतं. त्याचं घराणं सांगलीकडचं, पण वडील अणुशक्ती केंद्रात नोकरीला लागले म्हणून तो इथल्या वसाहतीत वाढला. कारखान्यांची, दुकानांची, दवाखान्यांची कॉम्प्युटरमधली माहिती नीट करून द्यायचं काम तो घ्यायचा. कुणी पत्त्यात फोन नंबर घुसडलेला असायचा, कुणी तारखा चार तऱ्हांनी लिहिलेल्या असायच्या, कुणाच्या नावाआधी नको तेवढ्या जागा सुटलेल्या असायच्या. हे सगळं हातानं दुरुस्त करत बसलं तर जन्म पुरायचा नाही. त्यासाठी रेगेक्स असतं. त्यात नेमका शब्द द्यायचा नसतो, शब्दाचं वळण द्यायचं असतं. दहा आकडे ओळीनं आले, मध्ये रेघ असो की मोकळी जागा, तर तो फोन नंबर, असं काही खुणांच्या एका ओळीत लिहून ठेवायचं. मग लाखभर ओळींमधून त्या वळणाचं जे जे असेल ते कॉम्प्युटर वेचून देतो, किंवा सांगाल तसं बदलून टाकतो.

सलोनीला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं होतं. पालघरच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या, डोंगरातल्या पाड्यावरून आलेल्या या मुलीला जमेल की नाही, अशी शंका सुजितला होती. ती महिन्याभरात फिटली.

आई गेली ती उन्हाळ्यात, आणि आता पावसाळा उलटत आला होता. मागच्या भादव्यात तिचा फोन आला होता, ऐन कामाच्या वेळेला. "संस्थेच्या पोरी आलत्या गं सलू. मोबाईल तोंडाफुडं धरला नि इचारीत बसल्या. लय बोलली मी." आणि ती हसली होती. सलोनी म्हणाली होती, "बरं आये, संध्याकाळी करते फोन." संध्याकाळी केला की नाही, ते आता तिला आठवत नव्हतं. दिवाळीनंतर आई-बाप दरवर्षीसारखे नायगावकडच्या वीटभट्टीवर गेले. चैत्रात आईला तिथूनच उचलून हॉस्पिटलात आणलं. पोटात गाठ होती, ती फार वाढली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? ते कुणालाच सांगता आलं नाही, आणि आई तेव्हा सांगण्याच्या पलीकडे गेली होती. आठवडाभरात संपलं सगळं.

आणि आता त्या "लय बोलली"मधलं बोलणं तिच्यासमोर येऊन पडलं होतं. नंबर लावलेल्या हजारो ओळी, आणि त्यातली एक तिची आई.

पण आधी काम करायचं होतं. मुलाखती टाइप करणाऱ्या मुलींनी जसं कानावर पडलं तसं लिहिलं होतं. एकीनं 'नाय' लिहिलं, दुसरीनं 'न्हाय', तिसरीनं 'नाई', चौथीनं सरळ 'नाही' करून टाकलं. संस्थेला सगळीकडे एकच शब्द हवा होता, म्हणजे मोजदाद करता आली असती. सलोनीनं पहिल्या दिवशी वळण लिहिलं: न, मग 'ह' जोडलेला असो वा नसो, मग काना, मग य किंवा ई किंवा ही. तसंच 'हाय'चं 'आहे', 'आमी'चं 'आम्ही'. चालवून बघितलं, आणि पहिल्याच पानावर एका बाईच्या तोंडी वाक्य आलं, "ट्रकवाल्यानं आम्हाला आहेवेला उतरवलं." हायवेचा आहेवे झाला होता. खाली नायगावचं नाहीगाव झालेलं. शेजारच्या टेबलावरची ज्ञानेश्वरी इतकी हसली की सुजित केबिनबाहेर आला.

"शब्दाची हद्द सांगायला विसरलीस," तो म्हणाला.

"मुद्दामच नाही सांगितली सर. देवनागरीत ती खूण काना-मात्रेपाशी फसते."

मग तिनं हद्द आपल्या हातानं बांधून घेतली: पुढं मोकळी जागा हवी, विरामचिन्ह हवं, नाहीतर ओळ संपलेली हवी. हायवे परत हायवे झाला. नायगाव परत जागेवर आलं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या उत्तरांचं काम केलं. संस्थेच्या सूचनांत लिहिलं होतं, उत्तर म्हणून ज्याला अर्थ नाही ते पुसून सेल कोरा करावा. कुणी नुसती रेघ मारली होती, कुणी 'माहीत नाही', कुणी 'काय नाय'. सलोनीनं वळण लिहिलं: सुरुवातीपासून शेवटापर्यंत ओळीत एवढंच असेल, दुसरं काहीही नसेल, तर ते पुसायचं. चालवलं. पडद्यावर जागोजागी पांढरं झालं. तिनं खाली-वर सरकवून पाहिलं, एकही चूक सापडली नाही. काम झकास झालं होतं.

तिसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती आईला शोधू लागली, मूळ फायलीत, जिथं बायकांचं बोलणं जसंच्या तसं होतं.

सोपं वाटलं होतं तिला. आई बोलली असेल तर लेकीविषयी बोलल्याशिवाय राहिली नसेल. म्हणून तिनं आधी बोईसर शोधलं, बोयसर, भोयसर, सगळ्या वळणांनी. मग 'हापिस'. मग कॉम्प्युटर, आई त्याला कामपुटर म्हणायची, पण टाइप करणारीनं काय लिहिलं असेल कुणास ठाऊक. म्हणून शब्दात कुठंही आधी 'क' आणि मग 'टर' येईल ते सगळं मागितलं. कॉम्प्युटरच्या ऐवजी सगळे डॉक्टरच हाती लागले. "डाक्टर कवा असतो कवा नसतो." "डाक्टरकडं गेलं की रोज बुडतो." "डाक्टर बोलला आराम कर, मी बोलली मंग खाऊ काय?"

ती वाचत गेली. कमरा मोडलेल्या बाया, माती कालवून बोटांच्या पेरात भेगा पडलेल्या बाया. एकीनं सांगितलं होतं, सातव्या महिन्यात विटांची चळत उचलली आणि तिथंच सगळं संपलं. एकीनं सांगितलं होतं, भट्टीच्या धगीपाशी इतकं बसून झालंय की आता थंडी वाजते का, ते कळतच नाही. सगळ्याच तिच्या आईसारख्या बोलत होत्या, आणि त्यातली एकही तिची आई नव्हती.

मग एके दुपारी एक ओळ सापडली. "माझी पोर बोयसरला हापिसात हाय. सणाला येते, येताना मला कापड आनते." सलोनीला वाटलं, हीच. तिनं खुर्ची पुढं ओढली. पुढच्या सेलमध्ये लिहिलं होतं, "जावई पन चांगला हाय." सलोनीचं अजून लग्न व्हायचं होतं. तिनं डबा न खाताच झाकण लावलं.

"काय झालं गं?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"भूक नाही."

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते तिच्या हळूहळू ध्यानात येत होतं. आईला शोधायचं तर आई कशी बोलायची हे ठाऊक हवं. कुठला शब्द ती वरचेवर घ्यायची? वाक्य कुठं तोडायची? सलोनीला आवाज आठवत होता, थोडासा घोगरा. डोळे मिटले की ऐकू यायचा, पण त्यात शब्द नसायचे. ती पहिलीपासून आश्रमशाळेत राहिली. सुट्टीत घरी गेली की आई तिच्यासमोर नाचणीची भाकर आणि सुकट ठेवायची आणि ती खाताना बघत बसायची. तीच उलट शाळेतलं सांगत सुटायची. आणि त्या शाळेनं तिला 'आहे', 'नाही' म्हणायला शिकवलं, ते ती इतकं नीट शिकली की फोनवरसुद्धा तेच बोलायची. दोघींचं बोलणं असं किती झालं असेल? वळण लिहायला दोन-चार शब्द तरी हवे होते, तेवढेही तिच्यापाशी निघेनात.

सुट्टी टाकून ती पालघरला संस्थेत गेली. तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत संस्थेच्या दोन खोल्या होत्या. मुलाखतींचं काम बघणारी वैभवी तिशी-पस्तिशीची, दिवसभर माणसांशी बोलून घसा बसलेली बाई होती. सलोनीनं आपण कुठून आलो ते सांगितलं, आणि मग आईविषयीही सांगितलं. सुजितला जे सांगितलं नव्हतं ते या अनोळखी बाईला सांगताना तिला जड गेलं नाही.

"मला फक्त तिचा आवाज ऐकायचाय, ताई. फायलीतलं नको."

वैभवीनं पेन खाली ठेवलं. "आवाज आम्ही ठेवत नाही गं. टाइप झालं की पुसून टाकतो. बायकांना तसा शब्द दिला होता आम्ही, नाहीतर कुणी तोंड उघडलं नसतं. मुकादमाच्या कानावर गेलं तर त्यांचं काम जाईल, अशी भीती असते त्यांना."

"बरोबर आहे," सलोनी म्हणाली. तिला ते खरंच बरोबर वाटलं.

"नाव काय तुझ्या आईचं?"

"बुधी."

वैभवीनं आठवायचा प्रयत्न केला. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं मान हलवली. "प्रत्येक पाड्यावर दोन-तीन बुधी भेटल्या आम्हाला. मला खोटं सांगायचं नाही तुला. नाही आठवत."

रविवारी सलोनी मनोरपर्यंत बसनं आणि पुढं जीपनं घरी गेली. ओढ्याला पाणी होतं, चपला हातात घेऊन ती पलीकडं आली. बाप, जिव्या, शेतावर गेला होता. भात पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. शेजारच्या घरात आईची सख्खी बहीण बायडी ओट्यावर बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. सलोनी तिच्याजवळ बसली आणि तीही सोलू लागली. बराच वेळ दोघी पिकाविषयी, पाड्यावरच्या लग्नांविषयी बोलल्या. मग सलोनीनं विचारलं, "मावशी, मागल्या वर्षी संस्थेच्या पोरी आल्या होत्या, तेव्हा तू होतीस ना आईबरोबर?"

"हुती तर. याच वट्यावर बसलो सगळ्या. पयली मी बोलली, मंग बुधी."

"काय बोलली आई?"

बायडीनं शेंगेवरून मान वर केली. "काय बोलनार? काय नाय, बोलली."

"म्हणजे?"

"ती पोर इचारी, अंग दुखतं का? बुधी बोलं, काय नाय. पोटाचा तरास हाय का? काय नाय. भट्टीवर पानी मिलतं का, कोनी अंगावर येतं का? काय नाय. समद्याला काय नाय. ती पोर पन दमली बिचारी."

सलोनीचे हात थांबले. "पण मला तर म्हणाली, लय बोलली मी."

"बोलली ना!" बायडी एकदम हसली. "त्या पोरीनं मोबाईल थैलीत घातला, तवा बोलाया लागली. चाय झाली, त्या उठल्या, तरी बोलतेच हाय. माझी सलू बोयसरला हाय, तुमच्यावानीच बोलते, तुमच्यावानीच कापडं घालते, तुमी तिला वलखता का? दोन घास खाऊन जा, बोलली. पार ओढ्यापातूर गेली सोडाया त्यांना. तवढी मी तिला कवाच बोलताना बघली नाय."

ओट्यावरून एक कोंबडी चालली होती, तिला बायडीनं हाकललं. सलोनीनं विचारलं, "दुखत होतं का तिला तेव्हा?"

सोललेले दाणे बायडीनं सुपात एकीकडं सारले, परत पसरले. "हुतं. पोटाशी पाय घेऊन बसलेली. मी बोलली, सांग ना बाय त्यांना. तिनं माझ्याकडं असं बघलं... मी पन मंग गप बसली. मला वाटलं, बायांचं असतं कायबाय."

तिच्या आवाजात इतकं काही होतं की सलोनीला तिच्यावर रागावता आलं नाही. तिनं मावशीच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघींनी उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या.

उन्हं उतरल्यावर जिव्या आला. खांद्यावर गवताचा भारा होता. हातपाय धुऊन तो चुलीशी बसला, तेव्हा लेकीनं त्यालाही विचारलं. तिला वाटलं होतं, नवऱ्याला तरी आईनं सांगितलं असेल.

"मला पन कवा बोलली नाय," जिव्या म्हणाला. चुलीतलं लाकूड त्यानं आत सारलं. "भट्टीवर एकदा विटा घेऊन चालली हुती, नि मधीच खाली बसली. मी धावत गेलो. काय झालं, बोललो, तर बोलली पायात काटा मोडला. मी तिचा पाय मांडीवर घेतला, नि काटा बघत बसलो. दोनी पाय बघलं. टाचा, बोटं, समदं बघलं."

भाताला उकळी आली होती, झाकण थरथरत होतं.

"नाय घावला काटा," तो म्हणाला. "मी तिलाच बोललो, तुला कायच झालं नाय, ऊठ."

सलोनीनं भांड्यावरचं झाकण बाजूला केलं, वाफ तोंडावर घेतली. बाप रडत होता. त्याला लेकीसमोर रडायची सवय नव्हती, म्हणून तिनं भाताकडंच बघत राहून त्याला रडू दिलं.

सोमवारी ऑफिसात तिनं मूळ फाईल परत काढली. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हा सुजितचा नियमच होता. त्यामुळे तिनं जे पुसलं होतं ते तिथं शाबूत होतं. तिनं आपलंच वळण घेतलं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, दुसरं काहीही नाही. या वेळी पुसायला न सांगता दाखवायला सांगितलं.

पडदा भरला. काय नाय. काय नाय. कायच नाय. नाय काय. काय नाय. ती खाली सरकवत गेली तरी ते संपेना. मग तिनं फक्त त्याच बायका वेगळ्या काढल्या, ज्यांनी सगळ्याच प्रश्नांना तेच उत्तर दिलं होतं. त्याही इतक्या होत्या की बोट ठेवून हीच आई, असं म्हणायला जागा नव्हती. प्रत्येक ओळीपुढं एक नंबर होता. यातलीच एक पोटाशी पाय घेऊन बसली होती. बाकीच्या कशा बसल्या असतील?

ती उठून जिन्यात गेली. खाली टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता. ती तिथं उभी राहून रडली, आणि तोंड धुऊन सरळ सुजितच्या केबिनमध्ये गेली.

"सर, ही उत्तरं पुसायला नकोत. रिकामी नाहीत ती."

सुजितनं पडद्यावर पाहिलं. "मग काय आहेत?"

"उत्तरंच आहेत. यांना विचारलं, आणि या बोलल्या. ज्यांना विचारलंच नाही त्यांचं आणि यांचं एकच कसं होईल?"

"सूचनेत तसं आहे, सलोनी. आपण ठरवणारे कोण?" मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "काय झालंय?"

तिनं सांगितलं. तिचं संपल्यावर सुजित म्हणाला, "पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस. दुसऱ्या कुणाला दिलं असतं मी."

"म्हणून तर नाही सांगितलं."

त्यानं तिच्यासमोरच वैभवीला फोन लावला. वैभवीनं सगळं ऐकून घेतलं, आणि तिनं सांगितलं ते सलोनीला पटण्यासारखं होतं, हेच अवघड होतं. अहवालात तक्ते ठरलेले होते. 'काय नाय' म्हणणाऱ्यांत खरोखर काही त्रास नसलेल्याही बायका असतील. मनातलं न बोललेल्या कोणत्या आणि खरंच धडधाकट कोणत्या, हे कुठल्या खुणेनं वेगळं करायचं? मोजता येत नाही ते तक्त्यात घालता येत नाही. "सलोनीला सांगा, मला पटतंय तिचं," वैभवी म्हणाली. "मुलाखत घेणाऱ्या मुलींशी मी बोलेन, की मोबाईल ठेवला म्हणून लगेच उठू नका. पण या फायलीचं मला काही करता येणार नाही."

फाईल सूचनेप्रमाणे गेली. सेल कोरे गेले. काम पोचलं की आपल्याकडची प्रत पुसायची, असं करारात होतं, आणि ते काम ज्याची फाईल त्यानंच करायचं असायचं. सुजित म्हणाला, "मी करतो." सलोनी म्हणाली, "नको." तिनं मूळ प्रत पुसली, साफ केलेली पुसली. मग कोळंबीच्या एका व्यापाऱ्याच्या गिऱ्हाइकांचे पत्ते उघडले आणि त्यातले पिनकोड नीट करत बसली. त्या दिवशी ज्ञानेश्वरीनं तिच्या टेबलावर आपला अर्धा डबा आणून ठेवला, काही न विचारता.

नवरात्र संपल्यावर ती रजा घेऊन परत घरी गेली. बाप दिवाळीनंतर भट्टीवर जायचं म्हणत होता, या खेपेला एकटा. त्या आधी त्याला डॉक्टरला दाखवायचं, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. मागच्या वेळी गवताचा भारा घेऊन शेतावरून येताना तो चढावर दोनदा थांबलेला तिनं ओट्यावरून पाहिला होता. विचारलं तर काय ऐकायला मिळेल हे तिला कळत होतं, म्हणून तिनं विचारलंच नाही. नुसतं म्हणाली, "बा, उद्या माझ्याबरोबर चल." तोही कुठं म्हणून न विचारता सकाळी धुतलेला सदरा घालून तयार राहिला.

सरकारी दवाखान्यात ओळ मोठी होती. नंबर आला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली काळं आलेला. "काय होतंय बाबा?" त्यानं विचारलं.

जिव्यानं लेकीकडं पाहिलं. बँकेत, कचेरीत, कुठंही गेलं की तीच बोलायची त्याच्या वतीनं, स्वच्छ, शाळेतल्यासारखं. तिनं या वेळी तोंड उघडलं नाही. डॉक्टर टेबलावर पेन आपटत होता, मागच्या बाईचं पोर रडत होतं. सलोनीनं खालमानेनं बापाच्या पायांकडं नजर ठेवली आणि वाट पाहिली. तिला वाटलं, आता डॉक्टर पुढच्याला बोलावणार.

"चढावर छाती भरते," जिव्या शेवटी म्हणाला. "दम खाया बसाया लागतं. रातचा खोकला येतो. दोन वरसं झाली."

सलोनीनं मान वर केली. दोन वर्षं.

डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठीला लावली, श्वास घे, सोड असं सांगितलं, कागदावर लिहिलं आणि छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटोच्या खोलीबाहेर बाकावर दोघं बसली. तिनं विचारलं, "दोन वर्षं, बा? आईला माहीत होतं?"

"हुतं," तो म्हणाला. समोरच्या भिंतीकडं बघत तो हळूहळू बोलत राहिला. "तिनं कवा इचारलं नाय. भट्टीवरून बाजाराला जाताना चढ लागायचा. मी थांबायच्या आधीच ती खाली बसायची. बोलायची, माझंच पाय भरलं, जरा बसू. मंग मी पन बसायचो. मला वाटं, हिचं पायच भरतात."

सलोनीनं त्याचा हात हातात घेतला. तो विटांनी घासून घासून गुळगुळीत झालेला होता, बोटांवर ठशाच्या रेघा उरल्या नव्हत्या. आतून कुणीतरी जिव्याचं नाव पुकारलं. तो उठला, सदऱ्याची बटणं आत्ताच काढू की आत गेल्यावर, असं त्यानं तिला विचारलं, आणि ती म्हणाली, "आत गेल्यावर, बा."